वय हे कारण नव्हे

“बुजुर्ग थे, मैडम. हार्ट फेल लिख दीजिए, बात खतम,” दरोगाजी म्हणाले आणि चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी कुल्हड चीरघराच्या पायरीखाली भिरकावलं.

चीरघर म्हणजे शवविच्छेदनगृह. पण एवढा लांबलचक शब्द उच्चारायला बनारसात सवड आहे कोणाला? डॉक्टर शरदिनी वझे रबरी हातमोजे चढवत होती. मान वर न करताच तिने विचारलं, वय किती होतं. असेल पंचाहत्तरच्या पुढे, दरोगाजी म्हणाले. तेव्हा ती म्हणाली की नुसतं वय पाहून मरणाचं कारण कळत असेल तर सरकार मला पगार कशाला देतं? तुम्हीच या टेबलापाशी उभे राहा, मी जाते चौखंब्याला मलइयो खायला. दरोगाजी हसले. या बाईचा फटकळपणा शहरातल्या साऱ्या ठाण्यांना ठाऊक होता, आणि तिने लिहिलेला अहवाल कोर्टात कधी पडत नाही हेही ठाऊक होतं. त्यामुळे रागावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“वैसे आपके ही मोहल्ले के हैं,” दरोगाजी जाता जाता म्हणाले. “दुर्गाघाट के. कोई मुले मास्टर.”

शरदिनीचा दुसरा हात मोज्यात अर्धाच राहिला.

दुर्गाघाटावर मुळे मास्तर एकच. वेणीमाधव मुळे. तिचे वेणीकाका. घाटाच्या पायऱ्यांवर बसवून, खडूने फरशीवर त्रिकोण काढून ज्यांनी तिला गणित शिकवलं ते. तिचे वडील विष्णुभट वझे यांचे जन्माचे मित्र. संध्याकाळी दोघे शेजारी बसून गंगेकडे बघत एकमेकांशी भांडायचे आणि भांडण संपलं की एकाच पुडीतली सुपारी खायचे.

तिने चादर बाजूला केली आणि परत ओढली. मग ती बाहेर येऊन नळाखाली उगाचच हात धूत राहिली. दुसरे डॉक्टर रजेवर होते. ते असते तरी तिने हे काम त्यांच्या गळ्यात घातलं असतं का, कोण जाणे. वेणीकाकांना दुसऱ्या कोणी हात लावावा, घाईघाईने चार टाके मारून बाहेर द्यावं, हे तिच्याने सोसवलं नसतं. तिचे टाके बघण्यासारखे असत. आईने शिवलेल्या गोधडीवर असायचे तसे बारीक, एकसारखे. तिच्याकडे शिकणारी मुलं विचारायची, मॅडम, जाळायचंच आहे तर इतकं नेटकं कशाला? ती म्हणायची, तुझ्या बापाला असं शिवून दिलं असतं तर चाललं असतं का?

त्या मुलांना ती पहिल्याच तासाला एक वाक्य फळ्यावर लिहून द्यायची. वय हे मरणाचं कारण नसतं. मुलं त्यावर हसायची, वसतिगृहात तिची नक्कल करायची. मग ती समजावून सांगायची. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून गेली तर मॅजिस्ट्रेट येतो, पंचनामा होतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब होतात. व्हायलाच हवेत. पण त्याच घरातली सासू गेली, तर दरोगा चहा पितो आणि म्हणतो, बुढ़िया थी. आणि बनारसात तर काय, मरायलाच लोक येतात. इथे म्हातारं माणूस गेलं तर घरचे कपाळाला हात लावत नाहीत, हात जोडतात. विष पोटात घेऊन गेलेली म्हातारी माणसं या टेबलावर किती येतात हे फक्त तिलाच माहीत होतं. एकामागून एक येत. प्रत्येकाच्या घरचे म्हणत, वय झालं होतं. एकाही घरचा माणूस म्हणत नसे, आम्ही विचारलं नाही.

ती आत जाणार इतक्यात उल्हास आला. उल्हास म्हणजे वेणीकाकांचा मुलगा, बँकेत कॅशियर, शरदिनीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. लहानपणी दोघांनी एकाच आंब्यासाठी मारामारी केलेली. स्वेटर उलटा घातला होता आणि त्याला त्याचं भानही नव्हतं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की काल बाबांनी चुडा-मटर खाल्ला, तो बाधला. उलट्या झाल्या म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दवाखान्यातल्या पोराने घाबरून पोलिसांना कळवलं आणि हे शुक्लकाष्ठ मागे लागलं.

“उल्हास, मटार मीही खाते,” शरदिनी म्हणाली.

तो हळूच म्हणाला, “मुक्ताचं लग्न ठरतंय ग. इंदूरची माणसं आहेत. आजोबांनी असं केलं हे कळलं तर ते नारळ परत पाठवतील. तू बस एवढंच लिही ना, की कारण नक्की सांगता येत नाही, नमुने तपासणीला पाठवलेत. दरोगाजी म्हणत होते, सगळे असंच लिहितात.”

सगळे असंच लिहितात हे खरं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं. नमुने बाटलीत घालून परगावच्या प्रयोगशाळेत धाडायचे, कारण राखून ठेवलं असा शेरा मारायचा, आणि मोकळं व्हायचं. उत्तर येईपर्यंत मुक्ताला मुलं झाली असती. कोणी विचारलं नसतं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, अशी ही सरकारमान्य वाट होती, आणि शरदिनी आजवर एकदाही त्या वाटेने गेली नव्हती. आज मात्र, खरं सांगायचं तर, तिला मोह झाला. वेणीकाकांचं नाव गल्लीच्या तोंडी असं चघळलं जावं, ही कल्पनाच तिला सहन होईना.

“बघते,” ती म्हणाली. हा शब्द तिने नोकरीत प्रथमच वापरला.

कामाला तिने नेहमीसारखा वेळ लावला. फार बघावं लागलं नाही. गव्हाच्या कोठीत किड्यांसाठी जे औषध ठेवतात, ते. उत्तरेत घरोघरी ते मीठ-हळदीसारखं हाताशी असतं. चुकून पोटात जावं असं ते नव्हतं. वेणीकाकांच्या सदऱ्याच्या खिशात जानव्याची नवी घडी होती आणि सुपारीची रिकामी पुडी. आदल्या दिवशी त्यांनी दाढी केली होती. नखं कापली होती. ही तयारी शरदिनीने पूर्वीही पाहिली होती. म्हातारी माणसं जाताना कोणाला फार आवरावं लागू नये म्हणून आपलं आपण आवरून जातात.

तिला रडू आलं. ती रडली, बाहीने डोळे पुसले आणि टाके घालायला घेतले. इतके बारीक टाके तिने आजवर घातले नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा पायरीखाली आप्पा उभे होते.

विष्णुभट वझे चीरघरात येणं म्हणजे गंगेने उलटं वाहणं. पंधरा वर्षं मुलगी इथे नोकरी करत होती, पण त्यांनी कधी इथली वाटसुद्धा विचारली नव्हती. वेदमूर्ती माणूस. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, जिथे म्हणून मराठी घर आहे तिथे मुंज-लग्नापासून दहाव्या-तेराव्यापर्यंत सगळं आप्पांच्या तोंडून. त्यांचं सोवळं छपरावरच्या उंच दांडीवर काठीने वाळत पडायचं. त्याला शरदिनीच्या आईचाही हात लागलेला नव्हता. आणि शरदिनीचा पांढरा कोट खाली चौकात, मोरीजवळच्या दोरीवर. ती घरी आली की चौकातच घंगाळात गरम पाणी तयार असे. अंघोळ झाल्यावरच उंबरठा. आई होती तोवर आई पाणी काढायची. ती गेल्यावर आप्पा स्वतः काढू लागले. ते कधी बोलले नाहीत, हिने कधी विचारलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बापाला बिचाऱ्याला रोज विटाळ. हळदीकुंकवाला शरदिनीला बोलावणं येत नसे. तिने दाखवलं नाही तरी ते घंगाळ तिला रोज थोडंसं खुपायचं.

तिने हे काम निवडलं तेव्हा घरात रणकंदन झालं होतं. डॉक्टर हो, पण बायकांची हो, मुलांची हो, मुडद्यांची कशाला? तेव्हा वेणीकाकांनी मध्ये पडून आप्पांना म्हटलं होतं, “विष्णू, तू मेलेल्यांसाठीच जेवतोस ना रे श्राद्धाला? ती त्यांच्यासाठी काम करील. तुझ्यापेक्षा बरंच की.” आप्पा आठवडाभर वेणीकाकांशी बोलले नव्हते. आणि मग त्यांनीच मुलीला फीचे पैसे आणून दिले होते.

आता हेच आप्पा भिंतीला अंग लागू नये म्हणून पंचा आवळून उभे होते आणि शेजारी उल्हास. शरदिनीने काय ते ओळखलं. उल्हासने तिच्या बापाला आणलं. आता बाप म्हणणार, शरू, मित्राची अब्रू राख. आणि बापाचं ऐकलं नाही तर मुळ्यांचं घर तुटेल, मुळ्यांचं बघून पाटणकरांसारखे दुसरे यजमानही जातील, आणि या वयात आप्पांना कोणी बोलवणार नाही. उल्हासने हे सगळं त्यांना वाटेत सांगितलं असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

“उल्हास, तू जरा त्या लिंबाखाली थांब,” आप्पा म्हणाले. तो गेला. मग ते शरदिनीला म्हणाले, “झालं तुझं?”

“झालं.”

“मग सांग.”

“आप्पा, मी अजून लिहिलेलं नाही.”

“लिहिलंस का हे कुठे विचारतोय? तुला काय दिसलं ते विचारतोय.”

शरदिनीला राग आला. म्हणाली, दिसलं ते दिसलं, पण ते सांगून तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला उल्हासने इथवर आणलं ते हेच सांगायला ना, की मी गप्प बसावं?

“त्याने आणलं त्यासाठीच,” आप्पा म्हणाले. “मी आलो दुसऱ्यासाठी. काय लिहायचं ते मी तुला सांगणार नाही. तू काय लिहिणार ते ऐकायला आलोय. मला संकल्प सोडायचाय, शरू. साधं मरण असलं तर उद्यापासून पिंड. दुर्मरण असलं तर आधी नारायणबली, मग बाकीचं सगळं. ते केल्याशिवाय दिलं तर पाण्याचा थेंबसुद्धा त्याला पोचत नाही. तू खोटं लिहिलंस तर मी खोटं म्हणेन, आणि वेण्या तसाच तहानेला राहील.”

शरदिनी म्हणाली, लोक तर म्हणतात की काशीत मेला तो तरलाच.

“तरला की नाही ते विश्वनाथाचं काम. मी माझं करतो,” आप्पा म्हणाले. “तू तुझं कर.”

तेव्हा तिने सांगितलं. कोठीतलं औषध, स्वतःच्या हाताने, जाणूनबुजून. आप्पांनी ऐकून घेतलं. ते तिथेच पायरीवर बसले, ज्या पायरीला एरवी त्यांनी पंच्याचा पदरसुद्धा लागू दिला नसता तिथे. आणि म्हणाले, “संक्रांतीच्या आधी मी त्याच्याकडे गेलो होतो वर. मला म्हणाला, विष्णू, गंगा आता दिसत नाही रे. खालून नावाडी ओरडतात, ते ऐकतो नुसतं. दिवसभर ऐकतो. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, वय झालं, वेण्या. चालायचंच.”

शरदिनी त्यांच्याजवळ बसली. हातमोजे काढलेले असले तरी हात धुतलेले नव्हते, म्हणून ती जरा अंतर ठेवून बसली. आप्पांनीच तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

“लिही,” ते म्हणाले. “स्पष्ट लिही. माझ्या मित्राला काहीतरी झालं होतं. त्याचं नुसतं वय नव्हतं झालं.”

तिने लिहिलं. नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या चार ओळींत, कुठेही खाडाखोड न करता. नमुने नियमाप्रमाणे गेलेच, पण कारण राखून ठेवलं नाही. दरोगाजींनी वाचून कपाळाला हात लावला. ती म्हणाली, आता घरी जाऊन विचारा. सून गेल्यावर विचारता तसं. दरोगाजी म्हणाले, “मैडम, बुढ़वा के पीछे कौन जाँच करता है?”

“मग मी करते,” ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली, पण दरोगाजींना कळलं असावं.

घरी जाताना आप्पा तिच्याबरोबर रिक्षात बसले. मैदागिनला दोघे उतरले. तिथून पुढे गल्ल्या, पायी जायचं. चालता चालता तिने शेवटी विचारलंच, की आप्पा, ते चौकातलं पाणी तुम्ही विटाळ म्हणून काढता का?

आप्पा थबकले. त्यांना प्रश्नच कळेना.

“मी मणिकर्णिकेवरून यायचो तेव्हा तुझी आई माझ्यासाठी काढायची,” ते म्हणाले. “मसणातून दमून आलेल्या माणसाला काय थंड पाणी द्यायचं?”

एवढंच. इतकी वर्षं जे खुपत होतं ते एवढ्याशा वाक्याने निघालं. शरदिनीला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. पंधरा वर्षांत एकदा विचारायला काय धाड भरली होती? दुसऱ्यांच्या घरांना विचारा म्हणून सांगणारी बाई!

अग्नी दिल्यानंतर, दोन दिवसांनी, ती मुळ्यांच्या घरी गेली. उल्हासची बायको वीणा हिने दार उघडलं आणि बाजूला झाली. शरदिनी सरळ जिना चढली. त्या जिन्याला जिना म्हणणं म्हणजे थट्टाच. भिंतीतल्या शिडीसारखा, एकेक पायरी गुडघ्याएवढी, धरायला एक दोर लोंबकळत ठेवलेला. चार मजले. वर दोन खोल्या. एक वेणीकाकांची, रिकामी. दुसरीत गीताआत्या. वेणीकाकांची थोरली बहीण, बालविधवा, भावाच्याच घरी जन्म गेलेला. दाराला बाहेरून कडी होती.

कडी काढून शरदिनी आत गेली. आत्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. शरदिनीने इकडचं तिकडचं काही काढलं नाही. तिला ते जमतही नसे. तिने जवळ बसून विचारलं, “आत्या, वेणीकाकांनी केलं तसं तुमच्या मनात येतं का कधी?”

मागे जिन्यात उल्हास उभा होता. तो म्हणाला, “शरदिनी, अग काय बोलतेस तू!”

आत्यांनी मात्र तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दारात कोणी खूप दिवसांनी हाक मारली. म्हणाल्या, “येतं. रोज सकाळी येतं. तो होता तोवर दोघं भिंतीवर ठोकून बोलत तरी होतो.” आणि मग म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही ग आजवर.”

उल्हास तिथेच जिन्यात खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्या घरात वाईट कोणीच नव्हतं. बाबा एकदा या जिन्यावरून पडले, डोकं फुटलं, तेव्हापासून तो कडी लावू लागला. पडू नयेत म्हणून. दाढीपुरतं तेवढं तो त्यांना धरून खाली कोठ्यांजवळ आणून बसवायचा. गंगेचं पाणी तो रोज तांब्याने वर आणून द्यायचा. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, दूध बिनसाखरेचं. त्याला वाटायचं, आपण बापाचं सगळं करतो. हे सगळं तो हुंदके देत सांगत होता, आणि शरदिनी ते ऐकत होती. त्याला तिने दोष दिला नाही. दोष देऊन काय होणार होतं? फक्त एवढंच म्हणाली, की तू वर पाणी आणलंस रे, पण त्यांना खाली नदी हवी होती, आणि काय हवंय हे त्यांना कोणी विचारलं नाही. आत्यांना विचार. आज विचार. रोज विचार. आणि एका मानसरोगाच्या डॉक्टरांचं नाव सांगून, आत्यांना त्यांच्याकडे न्यायचा दिवसही तिने तिथेच ठरवून टाकला. हुकूम सोडायची तिला सवयच होती.

गल्लीत व्हायचं ते झालं. पाटणकरांनी नातवाच्या मुंजीला दुसरे भटजी पाहिले. ब्रह्माघाटावरच्या एका बाईंनी शरदिनीला पाहून दार लावून घेतलं. मित्राचं नाव पोरीने चव्हाट्यावर आणलं आणि बापाने तिला शिकवलं, असं लोक आप्पांच्या पाठीमागे म्हणायचे, आणि आप्पा तिखट कानाचे असल्यामुळे ते त्यांना समोरून ऐकू यायचं. इंदूरकडच्यांनी मात्र नारळ परत पाठवला नाही. मुक्ताच्या होणाऱ्या सासऱ्यांनी उल्हासला विचारलं, आजोबा कशाने गेले. उल्हासने खरं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याही घरी एक झालंय असं. आम्ही सांगत नाही कोणाला.

नारायणबली अकराव्या दिवशी पिशाचमोचनाच्या कुंडावर झाला. बरेच जण आले होते. काही वेणीकाकांसाठी, काही नुसते बघायला. उल्हास ओलेत्याने बसला होता. आप्पांनी दर्भ हातात दिला, संकल्पाला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा विसरला. त्यांनी मान वळवली आणि कडेला, बायकांच्याही मागे उभ्या असलेल्या शरदिनीला जवळ बोलावलं. पाटाजवळ. कोणीतरी खाकरलं. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

“कारण सांग,” ते म्हणाले.

तिने सांगितलं. आप्पांनी ते जसंच्या तसं संस्कृतात घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, इतक्या की कुंडापलीकडच्या पिंपळाखाली बसलेल्या पंड्यानेही वळून पाहिलं असेल. विष घेऊन गेलेला, अमुक गोत्राचा, वेणीमाधव नावाचा माझा मित्र. मित्र हा शब्द त्या संकल्पात नसतो. आप्पांनी तो घातला.

उठताना पाटणकर जवळ आले. सांत्वनाच्या सुरात म्हणाले, जाऊ द्या शास्त्रीबुवा, त्यांचं वयही झालंच होतं.

आप्पा दर्भ गुंडाळत होते. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, आवाज बसलेला, डोळे सुजलेले. पण मान ताठ होती. ते म्हणाले, “वय हे मरणाचं कारण नसतं, पाटणकर. माझी मुलगी सांगते. मोठी डॉक्टर आहे ती.”

शरदिनी कुंडाकडे बघत राहिली. वसतिगृहातली मुलं नक्कल करतात ते वाक्य आप्पांना कुठून कळलं, हे तिला कधीच समजलं नाही.

मुळ्यांच्या घरी तळमजल्यावर रस्त्याकडेची एक खोली होती. तीत गव्हाच्या कोठ्या असत. उल्हासने त्या काढून टाकल्या. औषधाचा डबा शरदिनीने स्वतः नेला आणि नष्ट करवला. खोलीला चुना दिला, एक खाट टाकली आणि गीताआत्यांना चौघांनी मिळून खुर्चीवर बसवून खाली आणलं. त्या खोलीच्या दारातून निघालं की घाटाच्या पायऱ्या लागतात. आत्या पहिल्या दिवशी तीनच पायऱ्या उतरल्या, तिसरीवर बसल्या आणि दुपार होईपर्यंत उठेनात. नावाड्यांशी भांडण काढून बसल्या, म्हणे तुम्ही फार ओरडता. वीणा त्यांचं ताट तिथेच घेऊन आली.

त्या दिवशी शरदिनी चीरघरातून उशिरा परतली. ऊन उतरत आलं होतं. चौकात घंगाळात पाणी वाफाळत होतं. अंघोळ करून ती कोट वाळत घालायला मोरीजवळच्या दोरीकडे गेली, तर कालचा धुतलेला कोट तिथे नव्हता. आप्पांना हाक मारली, तर उत्तर छपरावरून आलं.

ती वर गेली. शेवटचं ऊन छपरावर होतं. खाली गंगेवर नावा परतत होत्या. उंच दांडीवर आप्पांचं सोवळं वाळत होतं आणि त्याच्या शेजारी, बाह्या नीट पसरून, तिचा पांढरा कोट. आप्पा काठी हातात घेऊन त्याची कॉलर सरळ करत होते. जमत नव्हतं.

तिने काठी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

“इथे ऊन चांगलं लागतं,” ते म्हणाले.